एकशे नव्वद

गुनवोरने लिलावात मासळीची व्हॅन घेतली,
बर्फाचा कारखाना बंद पडला त्या साली,
आणि मला बोलावलं टेपचं दुसरं टोक धरायला.
वार्डो बेटावर ऑक्टोबर सरत आलेला. वारा
गॅरेजच्या दाराखालून शिरून
आधी घोट्यांची चौकशी करतो, मग माणसाची.

जुनी फळी उखडली. खाली पत्र्याच्या पन्हळी,
पन्हळींत खवले,
वीस वर्षांच्या कॉडचे, नखाएवढे,
दिव्याखाली अजून ओले वाटणारे.
तिने ते पात्याने खरवडले, एकेक रांग.
मग म्हणाली, "बूट काढ. उभा राहा पत्र्यावर."
साठपर्यंत मोजायचं होतं. एकोणतीसला उतरलो.
"बघ. थंडी छपरातून येत नसते.
ती खालून जिना चढून येते, न विचारता."

नमुने मांडले होते बाकावर.
निळा फोम, पाच सेंटीमीटर, टाचेखाली मुकाट.
बुचाचा पातळ तक्ता, हाताला
झोपेतून उठलेल्या माणसाच्या पाठीसारखा.
लाकडाचं सोंग घेतलेलं विनाइल मला आवडलं.
"खोटं बोलणाऱ्या जमिनीवर मी अनवाणी चालणार नाही," म्हणाली.

पन्हळी आधी फोमच्या पट्ट्यांनी बुजवायच्या,
नाहीतर श्वासाची वाफ फटींतून उतरते,
पत्र्याला लागून पाणी होते,
आणि फळी पोटातून काळी पडत जाते
मार्चपर्यंत, कुणाला न कळता.
हे तिला पाठ होतं.

मग उंची मोजली.
छताची लोकर वजा जाता एकशे ब्याण्णव.
फोम पाच, प्लायवूड एक, बूच अर्धा:
उरले एकशे साडेपंच्याऐंशी.
गुनवोर स्वतः एकशे एकसष्ट. तिचं काय अडत होतं?
पण ती टेप सोडेना.
"सिवेर्त एकशे नव्वद आहे."

सिवेर्त बर्गनला, बोटींवर.
तीन उन्हाळ्यांपूर्वी आला होता. दोन रात्री.

मी म्हणालो, वाकेल की.
म्हणाली, "वाकावं लागलं तर तो बसत नाही. जातो."

शेवटी असं ठरलं, म्हणजे तिने ठरवलं:
पलंगाखाली पाच, शेगडीपाशी पाच,
आणि दारापासून आतपर्यंत, मधोमध,
फोमशिवायची एक पट्टी, दोन पावलं रुंद.
तेवढी गार.
मी डोकं खाजवलं आणि करवत चालवली.

डिसेंबरात धक्क्यावर तिची व्हॅन दिसली, खिडकीत उजेड.
कॉफी घेऊन गेलो. ती पलंगाकडून शेगडीकडे
ती पट्टी एका ढांगेत ओलांडत होती,
ओहोळ ओलांडावा तशी.
मला म्हणाली, "तू उंच आहेस, उभा राहा मध्ये.
डोकं लागतं?"
नाही.
"पाय?"
पाय गारठले, म्हणालो, खरं तेच.

"पायांचं बघू," म्हणाली.
खुंटीवरच्या पिशवीत
राखाडी लोकरीचा मोजा होता, सेहेचाळीस नंबरचा,
टाचेपर्यंत आलेला.