भिजत घोंगडं

कोचकोरला गाडी चुकली, तेव्हा बातमा-एजेंनी
हातात लोकर दिली. बस, पिंज.
दुसऱ्या दिवशी गाडी होती. गेलो नाही.

उकळतं पाणी, साबण, चटईत गुंडाळलेली लोकर;
दोरीने ओढत ती अंगणभर लोळवली.
शेजारचा तेमिरबेक लाथा घालून दाबत होता,
मध्येच फोनवर कुणाशी तरी भांडत.

रखडलेल्या कामाला आमच्याकडे
भिजत घोंगडं म्हणतात, मी सांगितलं.
नातीने कसंबसं समजावलं त्यांना.
त्या म्हणाल्या, मग न भिजवता कसं करता?

पाचव्या दिवशी काळ्यावर लाल थर ठेवून
त्यांनी खडूने मेंढ्याचं शिंग काढलं,
सुरी फिरवली, दोन्ही थरांतून एकदम.
लालातलं शिंग काळ्यात बसलं,
काळ्यातलं लालात.
कात्रण म्हणून काही उरलंच नाही.
यात नक्षी कुठली, जमीन कुठली?
दोरा दाताने तोडत त्या नुसत्या हसल्या.

जोडीतलं दुसरं सुनेच्या माहेरी जाईल.
माझे टाके पहिल्यात आहेत, वाकडे.
त्यांनी उसवले नाहीत.
चुलीकडच्या कोपऱ्यात येतील ते,
तिथे पाहुणे बसत नाहीत.