तेहतीस अंश

शनिवारी रात्रपाळी सुटली की घरी जाऊन तिला उठवतो
आणि मुहर्रकच्या या हौदावर आणतो.
समुद्रातलं मीठ काढणं हे माझं काम,
अंगाला अजून कारखान्याचा कोंदट वास.
गाडीतून उतरताना शाल्मली दाराला खांदा आपटते.
दर खेपेला तेच दार, तोच खांदा.

वहीत बाईंनी लिहिलंय : धांदरट.
आई फोनवर म्हणाली, वेंधळी आहे, सुधारेल.
मी तर दुधाचा पेला सांडला तेव्हा ओरडलोच,
आणि ती त्या दुधाकडे पाहत राहिली
जणू दुसऱ्याच कुणाच्या हातून सांडलंय.

डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं.
मला कळलं ते एवढंच, की निरोप निघतो नीट,
हातापर्यंत पोचेस्तोवर पत्ता चुकतो.

आता ती कमरेइतक्या पाण्यात.
तेहतीस अंश. बद्रिया आधी भिंतीवरचा आकडा बघते,
मी मापकं बघतो तशी.
तिचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
तेव्हा समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते म्हणे,
पखाल घेऊन खाली जायचं, भरून वर यायचं.
मी म्हटलं, आम्हीही तेच करतो, फक्त वीज फार लागते.
ती हसली नाही.
तिचा तळवा पोरीच्या पोटाखाली होता.

मग चमच्यात प्लास्टिकचं अंडं, या काठावरून त्या काठावर.
श्वै श्वै, म्हणते बद्रिया. हळू, हळू.
जमिनीवर तिसऱ्या पावलाला पडतं.
इथे चुकलेलं पाऊलसुद्धा सावकाश चुकतं,
सावरायला मध्ये जागा उरते.
नवव्या पावलाला पडलं.
तरंगलं.
ती थांबली, ते जवळ आल्यावर चमच्यात घेतलं.
दहा.

"बाबा, तू पण ये."
आमच्या कातळावरच्या गावाला एप्रिलपासून टँकर,
पोहायला शिकणार कशात?
पँट दुमडून पायरीवर बसलो.
तिने माझ्या पायाचा अंगठा धरला.
श्वै श्वै, बाबा.

बाहेर आलं की वजन परत येतं.
ओल्या फरशीवर ती माझी बाही शोधते.
बटणं तिची ती लावते, वीस मिनिटं,
पार्किंगचे पैसे वाढत जातात.
एक काज चुकलंय, सदऱ्याचं एक टोक खाली.
मला दिसलं. तिलाही दिसलं असावं.

गाडीपाशी म्हणाली, दार नीट धर,
हलवू नकोस.