डावीकडे समुद्र ठेवून

निरंजन ढोरेनं दोनशेपानी वहीत
निळ्या शाईनं कोकणचा रस्ता लिहिला होता.
मालवणहून वर, सहा दिवस,
कुठे तर, कुठे चढ, कुठे खानावळ मंगळवारी बंद,
आणि दर पानाच्या डोक्यावर, दोनदा अधोरेखित:
समुद्र डावीकडे ठेवणे.

डिसेंबरात त्याचा गुडघा गेला.
सायकलवर नाही. न्हाणीत, साबणावरून.

माझी रजा तीनच दिवसांची उरली होती.
म्हटलं, कोकण राहू दे, वही तरी चालवू.

मूर्तिजापूरहून निघालो तेव्हा माघातली थंडी
हँडलच्या लोखंडात बसलेली.
तोंड दर्यापूरकडे, म्हणजे समुद्र तसा डावीकडेच,
मध्ये चार-पाचशे किलोमीटर
हरभरा, तूर, खळी, आणखी कुणाकुणाची गावं.

वही म्हणते: तर लागेल, सायकलचे वेगळे पैसे.
लागली पूर्णा.
पात्राच्या एका कडेनं तेवढं पाणी,
त्यात म्हशी नाकाएवढ्या उरलेल्या.
पुलानं पैसे मागितले नाहीत.

वही म्हणते: उजव्या हाताला दीपस्तंभ.
उजव्या हाताला जिनिंगची चिमणी,
किती वर्षांची विझलेली, टोकाशी घार.
मी थांबून बरोबरची खूण केली.
घारीनं मान वळवून पाहिलं, एवढंच.

वारा मात्र खरा होता, पश्चिमेचा,
डाव्या कानात दिवसभर बोलत राहिला.
लोकही बोलत राहिले.
"काऊन भाऊ, पेट्रोल सरलं काय?"
"शर्यत हाय का? बाकीचे कुठी गेले?"
एकजण मोटरसायकल हळू करून
अर्धा मैल सोबत आला,
गिअर किती, विचारून घेतले,
आणि काहीच न पटल्यासारखा निघून गेला.

दुपारी बाभळीचा काटा.
मागचं चाक बसलं ते बसलंच.
सायकल धुऱ्यावर आडवी टाकून
हरभऱ्यातून चालत हापशीकडे गेलो.
आंबेनं पोटऱ्या चुरचुरल्या,
ओरखड्यांवर जास्त.

हापशीवर एक पोरगी बादली धूत होती,
सातवी-आठवीतली, शाळेचा स्वेटर कमरेला बांधलेला.
मी ओंजळ लावली.
"पिऊ नोका. खारं हाय थे."
तोवर घोट गेला होता.

जिभेच्या कडांना आधी कळलं.
मग घशाला.
मी तसाच वाकून उभा,
हनुवटीवरून पाणी गळतंय,
आणि डोक्यात ते निळ्या शाईचं वाक्य.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
खाली.
चाळीस हात काळ्या मातीखाली
हा पडून आहे, लाटेशिवाय,
आणि वर माणसं कापूस वेचतात.

"साबन बी फेस नाई देत याच्यात," ती म्हणाली.
"बाटलीत काहाले भरता?"
एका मित्राला दाखवायचंय, म्हटलं.
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं,
मग आपल्याजवळचं टँकरचं गोडं पाणी तांब्याभर दिलं.
ट्यूब बुडवून भोक शोधायला
पुन्हा खारंच हापसून दिलं, न विचारता.
बुडबुडे सगळ्या पाण्यात सारखेच येतात.
नाव सांगितलं तिनं: करुणा खंडारे.
मी वहीत खानावळीच्या रकान्यात लिहिलं.

अंजनगावात पानमळ्याशेजारी मुक्काम,
रात्री उत्तरेला मेळघाटाची काळी रेघ.
तिसऱ्या दिवशी परत.

निरंजन ओट्यावर, पाय स्टुलावर.
बाटलीच्या झाकणाखाली पांढरी कड धरलेली.
त्यानं ती बोटानं खरवडली, चाखली,
डोळे मिटून बराच वेळ.
"मीठ कमी आहे," म्हणाला.

मग वही मागितली.
खुणा पाहिल्या, चिमणीपाशी हसला,
करुणा खंडारेपाशी "हे कोण" म्हणाला, मी सांगितलं.
तरीच्या ओळीतले वेगळे पैसे खोडले.
पेन कानावर ठेवलं.
"पंक्चर कुठल्या चाकाला?"
मागच्या.
"हवा जास्त भरतोस तू,"
तो म्हणाला, आणि गुडघा
दोन बोटं वर उचलून दाखवला.