शेपटीवरून

त्सिआला मावशीच्या खणांना कुलूप नाही.
बेचाळीस खण, आणि चिकटपट्टीवर तीनच नावं:
लांब, आखडणारी.
लांब, लवचीक.
आखूड.
शेपटी बघायची, खण उघडायचा.

दर मंगळवारी ती बाटली घेऊन
म्त्क्वारीच्या काठी उतरते,
इस्पितळाचं गटार जिथे नदीला मिळतं तिथे.
नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात,
पण आमचा धंदाच तो,
नदीच्या एकेका थेंबाला कूळ विचारायचा.

थेंब गाळून जिवाणूंच्या दुधी सायीवर सोडला
की सकाळी सायीला भोकं पडलेली,
टाचणीच्या डोक्याएवढी, लख्ख.
"कुणीतरी जेवून गेलं," मी पहिल्या दिवशी म्हणालो.
"तोंड कुठाय त्याला? पोट कुठाय?"
ती खेकसली, आणि मला यंत्रापाशी बसवलं.

सुमीहून आणलेलं जुनं यंत्र, तापायला तास घेतं.
मग हिरव्या पडद्यावर हळूच
वीस त्रिकोणांचं डोकं,
आत एकच धागा, दाबून दाबून भरलेला,
खाली नळी, नळीवर गुंडाळी,
तळाशी पाट, पाटाला सहा काटकुळे पाय.
पाय टेकले की गुंडाळी आखडते,
धागा भिंतीतून आत जातो
आणि घर बाहेर राहतं, रिकामं.
"जो आत गेला तोच तो," मावशी म्हणाली.
"घराचं काय."

पांघरूणवाले विषाणू वेगळे, तिने सांगितलं.
ज्या पेशीतून निघतात
तिचाच पदर फाडून अंगावर घेतात, म्हणून साबणाला भितात.
आपले उघडे.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती,
कुप्या गोठून फुटू नयेत म्हणून
ती त्या कोटाच्या आत, छातीशी बांधून निजायची.
उघड्यापाशी नागडं गेलं, म्हणाली,
आणि हसली. त्या वर्षीच ती सुखुमीहून आली होती,
एक पिशवी घेऊन.

आमच्याकडे आडनावाची शेपटी बघून मुलूख सांगतात.
'द्झे' पश्चिमेचा, 'श्विली' पूर्वेचा,
'इआनी' म्हटलं की वर, बर्फातला स्वान.
मावशी क्वारात्सखेलिया. शेवटचं 'इया' ऐकून
बाजारातला लसूणवालाही विचारतो,
"समेग्रेलोच्या ना तुम्ही? जाणं होतं का?"
ती सुट्टे पैसे मोजते.

ती बातमी मीच तिला सांगितली,
कारण धागे वाचायचं नवं यंत्र माझ्या खोलीत आहे.
"मावशी, शेपटीची तिन्ही कुळं रद्द झाली.
समितीने ठरवलंय."
"मग आता कशावरून?"
"धाग्यावरून. अक्षराला अक्षर लावून."
ती बराच वेळ चष्मा पुसत होती.
"धागा सांगतो, कुठून आला ते?"
"कुणाचा कोण, तेवढं सांगतो.
कुठून, ते नाही."

तिने सतरावा खण ओढला, अगदी मागून
एक कुपी काढली. शाई पुसट:
सुखुमी, बेसलेती नदी, पुलाखाली, जून.
सालाच्या जागी बोटाचा डाग.
"वाच."

अकरा दिवस लागले.
तिच्या खणातले सगळे लांब शेपटीचे
तिच्याशी दूरचे निघाले, ओळखदेख असेल नसेल असे.
जवळची, अगदी चुलत म्हणावी अशी,
सापडली आखूड शेपटीत,
गेल्या महिन्यात याच नदीत पकडलेली.

मावशीने दोन्ही कुप्या हातात घेतल्या.
वजन करावं तशा.
जुनी चिकटपट्टी तिने काढली नाही.
खालीच दुसरी लावली, कोरी,
आणि पेन शोधू लागली.
मग म्हणाली, "मिंदिया, आज मंगळवार ना?"
आणि बाटली धुवायला गेली.