अर्धी नाव

ओस्तियाच्या धक्क्यावर मी, नुमिसिया, खारवलेले बांगडे विकते.
देव मला बोटांनी ओळखू येतात.
शिरस्त्राणाची कडा लागली, की मिनर्व्हा.
कपाळावर खरबरीत सिंहाचं कातडं, तर हर्क्युलीस.
दोन नाकं दोन दिशांना, तो जानूस,
दारांचा देव, मागचं-पुढचं एकदम पाहणारा.
उलट्या बाजूला सगळ्यांच्याच एक नाव.

देवळाच्या पायऱ्या मी कधी चढले नाही,
अंगाला वास असतो.
देवच येतात माझ्याकडे, तेलकट मुठींतून,
आणि संध्याकाळी पाटीत एकमेकांवर पडतात.
त्यांचाही भाव ठरलेला आहे:
चार हर्क्युलीस दिले, की एक जानूस.

नवी नाणी हलकी निघाली तेव्हा जुनी जड ठरली.
तराजूवाला लुक्रिओ ती छिन्नीने तोडून देतो,
जानूसच्या दोन तोंडांच्या बरोबर मधून.
एकाला मागे पाहणारं मिळतं, एकाला पुढे पाहणारं.
कुठलं कुठलं, ते लुक्रिओलाही सांगता येत नाही.

धक्क्यावरची पोरं नाणं उडवून ओरडतात,
डोकी की नाव?
विबियस म्हातारपणीही नावच मागायचा
आणि बहुतेक वेळा हरायचा.

समुद्र बंद व्हायच्या दिवसांत तो गेला,
दुसऱ्याच्या गव्हासाठी.
जाताना एक जानूस तोडून घेतला आम्ही.
नावही तुटलीच त्याबरोबर:
नाळ त्याच्याकडे गेली,
माझ्याकडे राहिलं मागचं फळकूट.

मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवतात, नावाड्यासाठी.
माझ्याकडे नाणं होतं.
तोंड नव्हतं.

तेव्हापासून येणारा प्रत्येक अर्धा तुकडा
मी कनवटीच्या तुकड्याला लावून बघते.
गिऱ्हाईक समजतं, म्हातारी खोटं-खरं पारखते आहे.

काल सिसिलीचा एक खलाशी आला,
पोरगाच, कानाला जखम.
त्याचा तुकडा लावला,
आणि वरपासून अर्ध्यापर्यंत कड कडेत बसली,
दोन्ही माना एक झाल्या.
खाली, पाण्याशी, केसाएवढी फट.

कुठे मिळाला, विचारायला तोंड उघडलं
आणि म्हणाले, बांगडे ताजे आहेत.
दोन जास्त घातले. तुकडा त्याचा त्याला परत दिला.
तो जरा बघत राहिला, मग धावलाच,
मी शुद्धीवर यायच्या आत.

हाताला हिरवा डाग पडला आहे.
मिठाने घासला, राखेने घासला.
आज गिऱ्हाईक कमी.