घर बंद

अर्ज चार पानी आहे.
वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर रीडिंग केलं,
रकान्यांना मी घाबरत नाही.

नाव : विश्राम गोविंद शिर्के.
पत्ता : दांडिया बाजार, दुसरा मजला.
पायऱ्या : बावीस. खालची तुटकी धरून.
‘कॉर्गीची पाठ लांब असते, जिना सोसत नाही’
असं तळाशी बारीक अक्षरात छापलंय.
मी शेजारी लिहिलं : उचलून नेईन.
वजन अकरा किलो. भरल्या सिलिंडरच्या निम्म्याहून कमी.

कुत्र्यांचा पूर्वानुभव?
सात वेळा चावली आहेत.
कारेलीबागेत दोनदा, फतेगंजात तीनदा,
एकदा खुद्द आमच्या गल्लीत,
आणि मांजलपूरला एक पॉमेरियन, जिची मालकीण
शेवटपर्यंत म्हणत होती, ‘कंई नहीं करे, कंई नहीं करे.’

घरातल्यांची संमती?
कुमुदनं फोटो हात लांब करून पाहिला.
तोंड कोल्ह्याचं, मागून पाव.
‘पाय घालायला विसरले का हिला?’
मग सही केली, आणि सहीखाली अट :
दिवाणावर चढायचं नाही.
या पायांनी चढणार कशी, ते मी बोललो नाही.

तुमच्या पश्चात कोण?
विम्याच्या कागदावरही हा रकाना होता,
तेव्हा इतका वेळ लागला नव्हता.
खालच्या भाविनला विचारलं. तो सेव-उसळीची गाडी लावतो.
रस्सा ढवळता ढवळता म्हणाला,
‘लखी दो ने मारुं नाम.’
लिहिलं.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न, खाली सहा ओळी कोऱ्या.
हीच का?

वासणा रोडला सतरा नंबरचा बंगला.
त्या पोरांनी पत्ता सांगितला तेव्हा
मला खूण विचारावी लागली नाही.
निवृत्तीपूर्वीच्या माझ्या शेवटच्या फेऱ्या.
फाटकाला कुलूप, मीटर आत पोर्चमध्ये.
आतून भुंकणं असं भरदार
की मला वाटलं, अल्सेशियन.
बरं झालं कुलूप आहे, असंही वाटलं.
अशा ठिकाणी आम्ही दोन शब्द लिहितो : घर बंद.
बिल सरासरीनं जातं.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो.
भुंकणं तेच, पण विहिरीतून आल्यासारखं.
घर बंद.

त्यानंतरच्या खेपेला भुंकणंच नव्हतं.
लादीवर नखं तेवढी.
मी ऐकली. पेनाचं टोपण दातात धरून
लिहिलं तेच दोन शब्द, आणि अठरा नंबरला गेलो.
तिथं माणसं होती, पाणी विचारलं त्यांनी.

समोरच्या सोसायटीचा वॉचमन, वसावा आडनावाचा,
आपल्या डब्यातला अर्धा रोटला
भिंतीवरून आत टाकायचा, रोज.
फोनही त्यानंच केला.

सहा ओळी पुरल्या नाहीत.
समासात लिहिलं, मग कागद आडवा धरून लिहिलं.

घर बघायला आज्ञा पंचाल आली,
कुणाच्या तरी परसातून मगर काढून थेट,
गुडघ्यापर्यंत विश्वामित्रीचा गाळ.
पायऱ्या तिनं स्वतः मोजल्या. ‘बावीस. बरोबर.’
गॅलरीचे गज हलवून पाहिले,
शेवटचं पान उभ्यानंच वाचलं,
आडवं धरून समाससुद्धा.
‘चहा घेणार?’ कुमुदनं विचारलं.
ती म्हणाली, ‘हात घाण आहेत.’
मग धुतले, आणि घेतला.
जाताना एवढंच : कळवते.

आज नववा दिवस.
फोनला रेंज मिळते म्हणून मी गॅलरीत बसतो.
मघाशी आत गेलो तर दिवाणाला लागून
दोन पाट, एकावर एक,
वरच्यावर जुन्या सतरंजीचा तुकडा, घसरू नये म्हणून.
कुमुद भाजी निवडत होती.
मान वर केली नाही तिनं.