सुरुवात बंपरच्या बाहेर

भंगारवाल्याकडून आणला तेव्हा तो लाल होता.
आमची गाडी राखाडी.
ऐंशी डॉलर, आणि दोन खाचा तुटलेल्या.
"बाकी सगळं सरळ आहे," भंगारवाला म्हणाला,
म्हणजे बंपरचं.

थंडर बेमध्ये मे महिन्यातही गॅरेज गारठलेलं असतं.
ऑक्टोबरात ज्या आकड्यांना हरीण टांगतो
त्याच आकड्यांना तो टांगला.
दोन दिवस येता-जाता डोक्याला लागत राहिला.

काचपेपर आधी चारशेचा, पाण्यात भिजवून.
लाल लापशी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली
आणि लालच्या खाली हिरवा निघाला.
म्हणजे हे आधीही कुणीतरी केलं होतं,
कुठल्या तरी गॅरेजात, माझ्यासारखाच नवशिका,
आणि घाईचा: डाव्या कोपऱ्यात, रंगाखाली
एक डास होता, अख्खा, पाय पसरलेला.
थोडा वेळ मी त्याच्या आजूबाजूनं घासत राहिलो.
मग त्यालाही घासलं.

आइला दारापर्यंत यायची, नुसत्या मोज्यांवर,
आणि परत जायची.
एप्रिलात तिनं गाडी बर्फाच्या ढिगात घातली.
ढिगात पेलेतिएबाईंच्या टपालपेटीचा खांब होता.
सतराव्या वर्षी बर्फ नुसता बर्फ दिसतो.
मला त्या रात्री नुसता बंपर दिसला.

पेलेतिएबाई आल्या, खिशात हात घालून.
रेल्वेचे डबे रंगवण्यात त्यांची एकवीस वर्षं गेलेली.
"स्प्रेचे डबे कोमट पाण्यात ठेव, सिंकमध्ये.
आठ अंशांत रंगाचं दही होतं.
आणि सुरुवात बंपरच्या बाहेर कर, हवेत.
मग वरून जा, आणि थांबायचं तेही पलीकडे, हवेत.
वर थांबलास की ओघळ.
जवळ गेलास की ओघळ.
पहिल्या हातात खालचं दिसलंच पाहिजे,
एका हातात झाकायला जाणारे
दुसऱ्या दिवशी पुन्हा घासत बसतात."
खांबाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

फ्रिजच्या खोक्यावर संध्याकाळभर सराव केला.
बाहेरून, वरून, बाहेर.
बाहेरून, वरून, बाहेर.
त्या रात्री मी सुरुवात थेट तिच्यावरच केली होती,
वीतभर अंतरावरून,
आणि बोट उचललंच नव्हतं.

रविवारी फरशी ओली केली, धूळ बसावी म्हणून.
आइला आली. बूट घालून.
"मी काय करू?"
"दिवा धर. तिरका."
समोरून सगळंच बरं दिसतं,
तिरक्या उजेडात कळतं कुठे राहिलं ते.
"इथे," ती म्हणायची. "आणि इथे. नाही, वर."
प्रायमरचे दोन हात. रंगाचे तीन.
मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं बादलीवर बसून
आम्ही सुकण्याबद्दल बोललो.
म्हणजे सुकण्याबद्दलच.

शेवटच्या चकाकीला मी थांबलो. का, माहीत नाही.
धुक्याच्या दिव्याच्या खाली एक थेंब जड झाला.
तिनं बोट पुढे केलं.
"हात लाव—" माझा आवाज चढला,
तसाच मध्येच उतरला.
"राहू दे," मी म्हणालो.
ओघळ सावकाश खाली निघाला
आणि तो कुठे थांबतो
ते आम्ही दोघं बघत राहिलो, दिवा तिरका धरून.

आता बंपर बसलाय, दोन खाचांच्या जागी तार.
बॉनेटनं नऊ उन्हाळे खाल्लेत, यानं एकही नाही.
रंगाचा नंबर तोच, दोन राखाडी मात्र जुळत नाहीत.
लांबून जुळतात. ढगाळ दिवशी जास्त.
आइला मैत्रिणींना गुडघ्यावर बसवून ओघळ दाखवते.
"हा आमचा," म्हणते.

समोर खांब अजून कललेला आहे,
टपालपेटीचं दार लागत नाही, पत्रं भिजतात.
काल तिनं उरलेला डबा कानाशी धरून हलवला,
आत गोळी खडखडली.
"एक हात होईल," ती म्हणाली,
आणि खोऱ्याला पाहत मला विचारलं,
जमीन आता मऊ झाली असेल का.